शेवटचं कोण?

शहाऐंशी वर्षांत मी एकदाही धड आजारी पडले नाही, याचा मला फार गर्व आहे. आमच्या गल्लीत बायका खुर्च्या टाकून पास्ता वळायला बसल्या की कुणाचा गुडघा बोलतो, कुणाचं पित्त. मी आपली गप्प ऐकते. डॉक्टरकडे जाते ती रक्तदाब मोजायला, आणि खरं सांगायचं तर इटलीतल्या आमच्या या बार्लेत्ता गावातल्या सगळ्या बातम्या आधी तिथे कळतात म्हणून.

अशा माझ्यावर यंदा जानेवारीत आजारी पडायची वेळ आली, ती लामझीरामुळे.

लामझीरा जॉर्जियाची, त्रेपन्न वर्षांची, तीन वर्षं माझ्या घरी राहून मला सांभाळते. तिकडे कुटैसीला ती रेल्वेचे सिग्नल सांभाळायची. दोन्ही कामं सारखीच, म्हणते, लक्ष नसलं की अपघात. तिच्याकडे इथे राहायचे कागद नाहीत. माझा भाचा "करून देतो, करून देतो" म्हणत तीन नाताळ जेवून गेला, कागद काही झाले नाहीत.

त्या दिवशी ती माझ्यासाठी गरम पाण्याची पिशवी भरत होती. किटली कलंडली आणि उकळतं पाणी तिच्या चपलेवर सांडलं. मी किंचाळले. ती मात्र भाजीवाला कसा लबाड आहे ते सांगतच राहिली.

"अगं, पाय! पाय!"

"कुणाचा पाय, मावशी?"

मी तिला बसवून मोजा काढायला लावला. अंगठा लालभडक झाला होता, आणि त्याखाली आणखी एक जखम होती, जुनी, काळ्या कडांची.

"हे कधीचं?"

"नाताळच्या आधीचं. पण दुखत नाही हो."

"दुखत नाही हेच तर वाईट!" मी ओरडले. माझा नवरा साव्हेरियो असंच म्हणायचा. साखर होती त्याला. आधी दोन बोटं कापली, मग गुडघ्यापर्यंत पाय, आणि मग तो स्वतःच गेला. ही बाई दिवसभर तांब्यामागून तांब्या पाणी पिते, हे मला दिसत होतं आणि मी तिला 'उंट' म्हणून चिडवत होते. माझी मलाच लाज वाटली.

"उद्या डॉक्टरकडे जायचं."

"नाही."

"का?"

"नाव विचारतील. नाव लिहिलं की पोलीस, पोलीस आले की विमान." गाड्यांचं वेळापत्रक सांगावं तसं तिने सांगितलं.

"बरं," मी म्हटलं, "मग आजारी मी पडते."

डॉक्टर त्रिकारिकोंच्या दवाखान्यात नंबर नाही, चिठ्ठी नाही. आत शिरायचं, विचारायचं, "शेवटचं कोण?" एकजण बोट वर करतो. त्याचा चेहरा लक्षात ठेवायचा, त्याच्यानंतर आपण. आमच्या गावात माणूस सख्ख्या भावाला फसवेल, पण पाळी मोडणार नाही. लामझीरा दर मंगळवारी दारात उभी राहून विचारायची, "दोनातामावशींसाठी, शेवटचं कोण?" आणि माझी पर्स मांडीवर घेऊन कोपऱ्यात बसायची.

डॉक्टर साठीचे आहेत, पण मी त्यांच्या शाळेत शिपाईण होते आणि त्यांचं नाक मी पुसलेलं आहे. त्यामुळे आमचं बोलणं सरळ असतं.

"बोला मावशी."

"सारखी तहान लागते. डोळ्यांपुढे धूसर दिसतं. पायाला मुंग्या येतात, आणि एक जखम आहे ती भरत नाही."

"बघू पाय."

"थंडी केवढी पडली आहे! मी मोजे काढायची नाही."

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि रक्ताची तपासणी लिहून दिली. माझं वय पाहता नर्स घरी येणार होती, आणि त्यावरच माझा डाव उभा होता. लामझीराला माझ्या पलंगावर झोपवलं, डोक्याला माझा रुमाल बांधला, गळ्यापर्यंत रजई ओढली. बेल वाजली. दार उघडते तो नर्स म्हणून उभी कोण, तर शेजारच्या वितीनाची नात! बारशापासून मला ओळखणारी.

"दोनाताआजी, तुम्ही अशा उभ्या काय? आणि पलंगावर कोण आहे?"

"ती माझी जागा गरम करते आहे," मी म्हटलं. दुसरं काय बोलणार? रक्त माझंच गेलं.

दवाखान्याचं दार पातळ आहे. दोन दिवसांत गावभर झालं की दोनाता आता काही दिवसांची सोबती. वितीना आणि मी कपडे वाळत घालायच्या दोरीवरून अकरा वर्षं बोलत नव्हतो. ती कोंबडीचं सूप घेऊन आली आणि माझा हात धरून रडली. "माफ कर गं, दोरी तुझीच होती." पाद्रीबाबाही डोकावून गेले. सूप फारच छान होतं. मी आणखी एक वाटी घेतली. लामझीराच्या जखमेवर आम्ही घरचंच मलम लावत होतो आणि ती जखम काही हटत नव्हती. काळी कड बोटाच्या पेरापर्यंत आली, तसं मला ते सूपही गोड लागेना.

पुढच्या मंगळवारी डॉक्टरांनी कागद माझ्यापुढे धरला. "मावशी, हे रक्त वीस वर्षांच्या पोरीचं आहे."

"आहेच मुळी!" मी छाती काढून म्हटलं, आणि मग जीभ चावली.

डॉक्टरांनी चष्मा काढला. "मग तहान कुणाला लागते?"

मी छताकडे पाहिलं. लामझीरा माझ्या शेजारी माझी पर्स मांडीवर घेऊन बसली होती आणि पर्सेतून बाटली काढून घटाघटा पाणी पीत होती. बिचारीला राहवलं नाही. डॉक्टरांनी बाटलीकडे पाहिलं, मग चपलेतून डोकावणाऱ्या चिंधीकडे. आमचं पितळ उघडं पडलं.

"बाई, तुमचं नाव काय?" त्यांनी विचारलं. मग मान खाली घालून म्हणाले, "तीन वर्षं या माझ्यासमोर बसताहेत. आणि मी आज नाव विचारतोय."

लामझीरा उठून उभी राहिली. "पोलीस?"

"कसले पोलीस! दवाखान्यातून पोलिसांना कळवायला कायद्यानेच मनाई आहे. कागद नसलेल्या माणसाला उपचारासाठी वेगळा क्रमांक मिळतो. मागच्या रस्त्यावर आरोग्य कार्यालय आहे ना, तिथे. अर्ध्या तासाचं काम."

मागच्या रस्त्यावर! काखेत कळसा आणि गावाला वळसा. माझा पारा चढला. "अरे गाढवा, मग हे दारावर लिहून का नाही लावलंस? आम्ही इथे नाटकं करत बसलो, तिचा पाय सडतोय!"

"चुकलं, मावशी," ते म्हणाले. नाक पुसायच्या वयात म्हणायचे तसंच म्हणाले, म्हणून मी जास्त बोलले नाही.

"बरं, आता बघ तिला. क्रमांक उद्या आणू."

"बघतो. क्रमांक नसला तरी आज बघतो. पण ही पाळी तुमची होती. बाहेर अकरा माणसं आहेत, एका पाळीत दोघांना घेतलं तर ती माझी हाडं मोडतील." मग ते लामझीराकडे वळले. "बाहेर जा आणि तुमच्या नावाची पाळी घ्या. मी तुमच्यापर्यंत पोचल्याशिवाय दवाखाना बंद करत नाही."

बाहेर आलो. लामझीरा भिंतीला टेकून उभी राहिली. आगगाड्या थांबवणारी बाई, पण स्वतःसाठी विचारताना चाचरली.

"शेवटचं... कोण?"

"अगं, आत्ता तर जाऊन आलीस!" वितीना म्हणाली. सगळी खोली आमच्याकडे बघायला लागली.

"ती पाळी मावशींची होती," लामझीरा म्हणाली. "ही माझी."

मी काठी घट्ट धरली. कुणी वाकडा शब्द काढलाच असता तर घातलीच असती मी. वितीनाने तिच्या पायाकडे पाहिलं, बाटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"म्हणजे तू मरत नाहीयेस?"

"नाही."

"आणि माझी कोंबडी?"

खोलीत हशा पिकला. हसता हसता वितीनाने बोट वर केलं. "शेवटची मी. माझ्यानंतर ही. बस गं, उभी काय राहिलीस त्या पायावर!"

साखर निघाली तीनशे साठ. आणखी दोन आठवडे गेले असते तर बोट गेलं असतं, डॉक्टर म्हणाले. दुसऱ्या दिवशी क्रमांक आणला, खरंच अर्ध्या तासात. त्या कागदावर तिचं नाव छापलेलं होतं, ते ती घरी येईपर्यंत चार वेळा काढून वाचत होती. गोळ्या सुरू झाल्या, दिवसाआड पट्टी बदलते, काळी कड मागे हटली. वितीनाची आणि माझी दोरी आता सामायिक आहे. डॉक्टरांनी दारावर मोठी पाटी लावली, पण पाट्या कोण वाचतं?

परवाच्या मंगळवारी लामझीराची पाळी होती. ती खुर्चीत बसली होती आणि तिची पर्स माझ्या मांडीवर होती. दार उघडलं. एक किडकिडीत बाई आत आली, काखेत कुणा म्हाताऱ्याची फाइल, तोंडावर रुमाल धरून खोकत होती. तिचा जॉर्जियन उच्चार ऐकताच लामझीराने मान वर केली.

"मिकेलेआजोबांसाठी, शेवटचं कोण?"

"मी," लामझीराने हात वर केला, सिग्नल द्यावा तसा ताठ. मग ती सगळ्यांना कळेल अशा आमच्या भाषेत म्हणाली, "ही आजोबांची पाळी झाली. आता पुन्हा विचार. तुझ्यासाठी."

ती बाई दाराकडे बघायला लागली. मग माझ्याकडे, मग लामझीराच्या पांढऱ्या पट्टीकडे. खोकला आवरून तिने हळूच विचारलं, "शेवटचं कोण?"

"मिकेले," वितीना म्हणाली. "त्याच्यानंतर तू."