निरोप कोण देणार?

रफिक परकारला सगळे नियमाचा किडा म्हणत, आणि ते काही खोटं नव्हतं. लष्कराच्या सिग्नल्समध्ये सतरा वर्षं काढून हवालदार म्हणून पेन्शनवर आलेला हा खेडचा गडी दुबईत एका सिक्युरिटी कंपनीत सुपरवायझर होता. राहायला शारजात, अल मजाजला. घरात चप्पल वाकडी दिसली तरी त्याचं डोकं फिरायचं. मंगळवारी सकाळी दहाला अपर्णा मॅडमचा फोन आला आणि त्याचाच एक नियम त्याच्या गळ्यात येऊन पडला.

"रफिक, अरुण गुरव गेला," मॅडम म्हणाल्या. "मुहैस्नाहच्या लेबर कॅम्पवरून साइटच्या बसमध्ये चढला आणि सीटवरच हार्ट अटॅक. मी हॉस्पिटलमध्येच आहे. त्याच्या फॉर्मचं पाकीट उघडलंय. निरोप तुम्ही द्यायचाय."

"मी? माझं नाव लिहिलंय त्याने?"

"जानेवारीत, स्वतःच्या हाताने. त्याच्या खोलीतल्यांना दम दिलाय, अकरापर्यंत कुणी फोनला हात लावायचा नाही. यल्ला, वेळ घालवू नका."

अपर्णा मॅडम लष्करी इस्पितळातून कॅप्टन म्हणून निवृत्त झालेल्या नर्स, आणि इथल्या दीडशे मराठी माजी सैनिकांच्या आधार मंडळाच्या सेक्रेटरी. मंडळाचं काम सरळ होतं. एक जण गेला की उरलेल्यांनी प्रत्येकी शंभर दिरहम, म्हणजे तेवीसशे रुपये, त्याच्या घरी द्यायचे आणि बायकोची फॅमिली पेन्शन सुरू होईपर्यंत कागदांमागे धावायचं. दरवर्षी जानेवारीत आर्मी डेच्या जेवणाला बर दुबईत सगळे जमत आणि आपापला फॉर्म नव्याने भरून पाकिटात बंद करत. पैसे कुणाला, पेन्शनचा नंबर काय, आणि शेवटचा रकाना: निरोप कोण देणार?

हा रकाना रफिकनेच घालायला लावला होता. महाडच्या एका बाईला नवरा गेल्याचं कळलं ते त्याच्या फोटोखाली कुणीतरी लिहिलेल्या 'आरआयपी'वरून. त्या दिवशी रफिक मीटिंगमध्ये टेबलावर हात आपटून म्हणाला होता, "निरोप माणसाने द्यायचा, आवाजात द्यायचा. आणि पहिल्या वाक्यात खरं सांगायचं. सीरियस आहे, ॲडमिट केलंय, असली थापेबाजी खलास!" हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

कारण अरुण आणि तो चार वर्षं एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते. त्याआधी म्हणाल तर एका ताटात जेवणारे. एकाच युनिटमधले, एकाच वर्षी दुबईत ह्या कंपनीत आलेले. मग एका सकाळी रफिकला राउंडवर अरुण गेटच्या केबिनमध्ये झोपलेला सापडला आणि रफिकने रिपोर्ट लिहिला. आजारी जोडीदाराच्या जागी अरुण सलग दुसरी शिफ्ट करत होता, हे नंतर कळलं. तोवर अरुणची चांगली साइट गेली होती. "तू तर सख्ख्या भावासाठीही खोटं बोलायचा नाहीस!" असं ओरडून अरुण निघून गेला. रफिकला मनातून लाज वाटत होती. पण सुंभ जळला तरी पीळ जातो होय? सॉरी म्हणायचं राहून गेलं. दर जानेवारीला दोघं हॉलच्या दोन टोकांना बसून बिर्याणी खायचे.

"अब्बा, जस्ट टेक्स्ट हर," यम्ना, त्याची लेक, हळूच म्हणाली.

"गप गं," जुलेखाने तिला आत पाठवलं आणि नवऱ्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला. "लावा फोन. साडेदहा झाले."

रफिकने पाठ केलं: वहिनी, खाली बसा, अरुण आज सकाळी गेला. सहा-सात शब्दांचं तर काम! दुसऱ्यांना हेच शिकवताना जीभ कशी चुरूचुरू चालायची. त्याने कोरेगावला, अरुणच्या घरी, फोन लावला.

"हॅलो, वहिनी, मी रफिक..."

"अगं बाई, रफिकभावजी!" अरुणची बायको सुमेधा ओरडलीच. "आज कसा दिवस उगवला! मिटलं ना भांडण? मी ह्यांना म्हणतच होते, तुम्ही दोघं म्हणजे शाळेतली पोरं. कुठायत हे, शेजारीच असतील, द्या बघू फोन."

क्षणभर रफिकला वाटलं, म्हणावं, हो, मिटलं, नंतर करतो फोन. जुलेखा समोर उभी होती.

"वहिनी, खाली बसा," तो म्हणाला. "अरुण आज सकाळी गेला. हार्ट अटॅक आला, बसमध्ये. मॅडम त्याच्याजवळ आहेत."

पलीकडे काहीतरी पडलं. रफिकने फोन ठेवला नाही, समजूत घातली नाही. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्याला सुचलं नाही.

"भावजी," शेवटी ती म्हणाली, "तुमचं बोलणं झालं होतं का हो? जायच्या आधी?"

हो म्हटलं असतं तर तिला बरं वाटलं असतं. त्यालाही बरं वाटलं असतं. कोण विचारणार होतं?

"नाही वहिनी. राहिलं. चूक माझी होती, आणि मी गेलोच नाही त्याच्याकडे."

ती रडायला लागली, मोठ्याने, पोटातून. रडता रडताच बोलू लागली. "मी विचारलं होतं ह्यांना, ज्याच्याशी बोलत नाही त्याचं नाव कशाला लिहिता? तर म्हणाले, बाकीचे तुला गोड बोलून गोंधळात टाकतील. रफिक खरं तेच सांगेल." मग तिने नाक पुसलं. "ह्यांना एकट्याला पाठवू नका. तुम्ही घेऊन या."

"आणतो वहिनी. कागद झाले की लगेच. मीच येतो."

"विमानात ह्यांना खाली ठेवतील. पण पुण्यापासून गाडीत तुम्ही शेजारीच असाल ना?"

"असेन."

"मग तेव्हा बोला ह्यांच्याशी. तीन तासांची वाट आहे. सगळं बोला."

रफिक हो म्हणाला. फोन ठेवला तेव्हा अकराला दहा कमी होते. त्याने जुलेखाला बॅग काढायला सांगितली आणि मॅडमना कळवलं की निरोप पोचला.