चिमटीसाहेबांची होडी

ऑफिसात त्यांना चिमटीसाहेब म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. संगणक विभागाचे प्रमुख म्हणून त्यांनी उभी हयात काढली, आणि कुणी नवा माणूस "सर, मेमरी कमी पडतेय" म्हणाला की अंगठा आणि तर्जनी जुळवून ते त्याच्या नाकासमोर धरत. "एवढीशी होती आमच्याकडे. एवढीशी! त्यात आम्ही अख्खं गोदाम बसवलं. आणि तुम्हाला एक बटण रंगवायला समुद्र लागतो!" तो बिचारा मान खाली घालून जागेवर जाई आणि साहेब खुशीत चहा मागवत. गोदामाचा तो प्रोग्राम खरं म्हणजे दुसऱ्याच कुणीतरी लिहिला होता, साहेबांनी त्यावर सही केली होती. पण सांगून सांगून आता त्यांना स्वतःलाही तो आपण लिहीत असल्याचं स्पष्ट आठवायला लागलं होतं.

निवृत्त झाल्यावर पंचाईत झाली. चिमटी होती, समोर धरायला नाक नव्हतं. एकदा बायकोसमोर धरून पाहिली, तर ती म्हणाली, "हो, मीठ तेवढंच घालते आता. डॉक्टरांनी सांगितलंय."

म्हणून ते जुन्या यंत्रांच्या मंडळात जायला लागले. वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये दर रविवारी सकाळी दहाबारा माणसं जमत आणि आपापले जुने घरगुती संगणक टेबलांवर मांडत. कीबोर्ड हाच संगणक, त्याला मागून टीव्ही जोडायचा, आणि प्रोग्राम कॅसेटवरून आत भरायचा. भरताना ते यंत्र असं किंचाळे की खाली पेपर वाचत बसलेले लोक वर येऊन भांडून जात.

मंडळाचे अध्यक्ष पूर्वी जमिनीची मोजणी करत. आता ते सभासदांची करत. त्यांचं म्हणणं असं, की प्रोग्राम लिहावा तर त्या यंत्रावरच, हाताने, थेट प्रोसेसरच्या भाषेत. बाकी सगळी भेसळ. "लॅपटॉपवर सी भाषेत लिहायचं, क्रॉस-कंपायलर फिरवायचा आणि तयार माल जुन्या यंत्रात ओतायचा," ते म्हणत, "म्हणजे हॉटेलातून मागवायचं, आपल्या पातेल्यात काढायचं आणि पाहुण्यांना सांगायचं, मीच केलंय हो!"

यावर सगळे हसत. चिमटीसाहेब सगळ्यात मोठ्याने. हसत नसत त्या एकट्या दंतवैद्यबाई. त्या उघडपणे क्रॉस-कंपायलर वापरत.

"आयुष्यभर लोकांच्या दाढा हाताने उपटल्यात मी," त्या म्हणत. "मला आता खेळ करायचाय, तपश्चर्या नाही."

अशाच एका हास्यकल्लोळात चिमटीसाहेबांना स्फुरण चढलं आणि ते बोलून बसले, "वार्षिक प्रदर्शनात मी नदीचा खेळ दाखवणार. होडी, प्रवासी, भोवरे, मगर, सगळं. आणि सगळं प्रोसेसरच्या भाषेत!"

अध्यक्षांनी पाठ थोपटली. आता माघार घेणं शक्य नव्हतं.

घरी त्यांनी जेवणाच्या टेबलाचा अर्धा भाग बळकावला आणि कामाला लागले. बरेच दिवस खपून पडद्यावर एक ठिपका आला. ही होडी. ठिपक्याला उजवीकडे जायला सांगितलं तर तो खाली गेला, पडद्यातून बाहेर पडला, आणि यंत्र बंद पडलं. यंत्र बंद पडलं की पुन्हा पहिल्यापासून कॅसेट, पुन्हा किंचाळणं. त्यांची मुलगी सॉफ्टवेअरमध्ये होती आणि घरूनच काम करायची. तिच्या मीटिंगमधल्या माणसांनी एकदा काळजीने विचारलं, "तुमच्याकडे कुणाला काही होतंय का?"

त्या दिवशी मुलगी लॅपटॉप घेऊन वडिलांसमोर येऊन बसली.

"बाबा, सी येतं ना तुम्हाला?"

"सी? अगं, कोळून प्यायलोय सी."

"मग इथे सीमध्ये लिहा. हा क्रॉस-कंपायलर त्याचं तुमच्या डबड्याच्या भाषेत रूपांतर करेल. लॅपटॉपवरच चालवून बघायचं, आणि नीट चाललं की मगच वायरने तिकडे सोडायचं. म्हणजे किंचाळणं एकदाच."

"छे! त्याला प्रोग्रामिंग म्हणत नाहीत. आमच्या काळी..."

"बरं, मी ठेवून जाते," मुलगी म्हणाली आणि पुढच्या मीटिंगला गेली.

ती मीटिंग संपायच्या आत होडी उजवीकडे गेली होती. डावीकडेही आली होती. चिमटीसाहेबांनी बायकोला स्वयंपाकघरातून हाताला धरून आणलं आणि दाखवली.

"छान आहे," ती म्हणाली. "पण ही सुरू व्हायच्या आधी पडद्याची कड लाल होऊन का लुकलुकते?"

"तो कंपायलर आपला थोडा कोड पुढे चिकटवतो, आई," मुलगी आतून म्हणाली. "त्याने बनवलेला प्रत्येक प्रोग्राम सुरुवातीला एकदा लुकलुकतो. चालायचंच."

साहेबांचा चेहरा पडला, कारण मंडळात ही कड सगळे ओळखणार होते. आणि मग, मोठी माणसं असल्या वेळी करतात तेच त्यांनी केलं. त्या गोष्टीचा विचार करायचं सोडून दिलं.

होडी झाली, प्रवासी आले, भोवरे फिरायला लागले, आणि मगरीच्या दिवशी कंपायलर म्हणाला, मेमरी संपली.

"कंपायलर भिकार आहे," साहेबांनी निकाल दिला.

मुलीने कोड उघडला. खेळ फारच थोड्या जागेत होता. उरलेल्या जागेत साहेब होते. आधी त्यांचं पूर्ण नाव, मग पद, मग नोकरीतला सगळा चढता आलेख खालून वर सरकत जाणारा, आणि शेवटी ठिपक्याठिपक्यांनी काढलेलं त्यांचं स्वतःचं चित्र, चष्म्यासकट. शिवाय होडीची जागा त्यांनी दशांश चिन्हापुढे बऱ्याच घरांपर्यंत मोजली होती आणि त्यापायी दशांशाचं अख्खं गणित या इवल्याशा यंत्रात कोंबलं होतं.

मुलीने अंगठा आणि तर्जनी जुळवून त्यांच्या नाकासमोर धरली, एवढंच.

"चावटपणा पुरे," साहेब म्हणाले. "काय काढू सांग."

"दशांश काढा, पूर्णांकात भागेल. आणि हे चित्र काढा. आलेखही."

दशांश गेले. चित्रावर मात्र गाडी अडली. चित्र ठेवायचं तर मगर बसेना, म्हणून मगर गेली. मग त्यांना आठवलं की दोन पुरस्कार आलेखात यायचे राहिलेत. ते आले आणि भोवरे गेले. चष्म्याची काडी नीट दिसावी म्हणून प्रवासी गेले. शेवटी आभारप्रदर्शन घातलं, त्यात स्वतःचेच आभार होते, आणि त्यासाठी पलीकडचा काठ काढावा लागला.

"बाबा, मग होडी जाणार कुठे?" मुलीने विचारलं.

"जायलाच पाहिजे का कुठे?" साहेब म्हणाले. "प्रवास महत्त्वाचा."

प्रदर्शनाला हॉल भरून गेला. बायको आणि मुलगीही आल्या होत्या. साहेबांचा नंबर पहिला. कॅसेट किंचाळून थांबली, आणि नेमक्या त्याच क्षणी साहेबांना टीव्हीची वायर सैल वाटली. ते पडद्यासमोर आडवे येऊन ती घट्ट करत राहिले. बाजूला झाले तेव्हा पडद्यावर त्यांचं नाव सरकत होतं. ते बराच वेळ सरकत राहिलं. मग चष्मा आला. मग एक होडी निळ्या पाण्यावर आली आणि उभी राहिली.

लोक थांबले. पुढे काहीतरी होईल म्हणून थांबले. मग अध्यक्ष उठले आणि म्हणाले, "केवढा हा संयम! दुसऱ्या कुणी इथे मगर घातली असती." टाळ्या पडल्या. मुलगी भिंतीवरची सूचना वाचायला लागली, "शांतता राखा" एवढीच ती होती, पण तिने ती फार लक्ष देऊन वाचली.

मग अध्यक्षांचा नंबर आला. त्यांनी जमीन मोजण्याचा प्रोग्राम केला होता, तोही अर्थात हाताने, थेट प्रोसेसरच्या भाषेत. कॅसेट किंचाळून थांबली, आणि नेमक्या त्याच क्षणी अध्यक्षांना पडद्यावर धूळ दिसली. खिशातला भलामोठा रुमाल उघडून ते पडदा पुसायला लागले. पण रुमाल पडद्याहून लहान होता. खालची कड उघडी राहिली, आणि ती लाल होऊन एकदा लुकलुकली.

चिमटीसाहेबांनी वर पाहिलं. अध्यक्ष त्यांच्याकडेच पाहत होते, आणि त्या नजरेत वायरीचाही सगळा हिशेब होता. दोघांनी एकाच वेळी मान वळवली.

दंतवैद्यबाईंनी पडदाबिडदा काही झाकला नाही. "सीमध्ये लिहिलंय, क्रॉस-कंपायलरने बनवलंय," त्यांनी जाहीर करून टाकलं. कड लुकलुकली, कुणाचं काही बिघडलं नाही. त्यांच्या खेळात दाढेत कीड शिरायची, ती चिमट्याने पकडून बाहेर काढायची, आणि चुकून चांगला दात ओढला तर पेशंट खुर्चीतून उठून मागे लागायचा. बघता बघता टेबलापुढे रांग लागली. खाली पेपर वाचणारे भांडायला म्हणून वर आले ते रांगेत उभे राहिले. अध्यक्षांच्या जमिनीकडे आणि साहेबांच्या होडीकडे कुणी फिरकेना.

अध्यक्षांनी टेबलावर थाप मारली.

"मंडळाचं नाव राखायचं असेल तर आजच ठरवावं लागेल. क्रॉस-कंपायलरचा प्रोग्राम यापुढे इथे चालणार नाही, आणि तो वापरणारा सभासद राहणार नाही. असा मी ठराव मांडतो. अनुमोदन?"

त्यांनी थेट चिमटीसाहेबांकडे पाहिलं. साहेबांच्या मागे मुलगी उभी होती, रांगेत बायको उभी होती. क्षणभर त्यांना वाटलं, सांगून टाकावं. मग वाटलं, सांगितलं तर ती टाळ्यांची गोष्ट खोटी ठरेल. त्यांचा हात वर गेला.

"अनुमोदन," ते म्हणाले. आवाज मात्र छान खणखणीत लागला.

बाकीच्यांनी इकडेतिकडे पाहत हात वर केले. ते कसे वर होतात हे दंतवैद्यबाई कंबरेवर हात ठेवून बघत होत्या, पेशंट तोंड उघडायला किती वेळ लावतो ते बघावं तशा.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "माझा रविवार मोकळा झाला. ज्यांना खेळायचंय त्यांनी दवाखान्यात या. बाहेरच्या खोलीत टीव्ही आहे." आणि जाता जाता त्यांनी एक कॅसेट साहेबांच्या मुलीच्या हातात ठेवली.

पुढच्या रविवारी हॉलमध्ये अध्यक्ष आणि चिमटीसाहेब असे दोघंच होते. हात वर केलेले बाकी सगळे दवाखान्यात गेले होते. अध्यक्षांनी सभा रीतसर चालवली. चिमटीसाहेबांना एकमताने उपाध्यक्ष केलं, आणि साहेबांनी अध्यक्षांच्या अभिनंदनाचा ठराव मांडला. दोघांनीही आपापली यंत्रं घरून आणलीच नव्हती.

साहेब घरी आले तर त्यांच्याच संगणकासमोर बायको बसली होती. मुलगी शेजारी उभी राहून ओरडत होती, "आई, वरची दाढ! वरची!"

साहेबांनी कागदांची पिशवी खाली ठेवली. हळूच येऊन मागे उभे राहिले.

"उजवीकडून धर," ते न राहवून म्हणाले. "अगं, उजवीकडून! दे बघू इकडे जरा."

बायकोने पडद्यावरची नजर हलवली नाही. "तुम्हाला चालत नाही ना हे? ठराव केलाय तुम्ही."

"मी फक्त सांगतोय."

"अहो, उपाध्यक्ष झालात ना? मग तिकडे खुर्चीत बसा."

साहेब खुर्चीत जाऊन बसले. मंडळाच्या नव्या लेटरहेडवर आपलं पद नावाच्या वर छापावं की खाली, याचा त्यांना विचार करायचा होता. पण काही केल्या सुचेना, कारण पडद्यावरचा पेशंट खुर्चीतून उठून मागे लागला होता आणि बायको खदाखदा हसत सुटली होती.