संयूच्या मेंदूतली दारं

मी अडानी असते तर एकवेळ चाललं असतं. पन मी बारावी शिकलेली, आन् सांगलीच्या डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवून, कागदावर चित्र काढून सगळं समजावलं हुतं. माज्या संयोगिताला, दीड वर्साच्या संयूला, ताप आला की फिट यायची. तिचं रक्त तपासाय लांब धाडलं हुतं, त्याचा रिपोर्ट आला हुता.

"मेंदूतल्या पेशीला झाडासारख्या फांद्या असतात," बाई म्हनल्या. "फांद्यांवरून विजेच्या लहरी आत येतात. फांदीत अगदी बारीक दारं असतात, ती लहरींना आवर घालतात. हिची ती दारं जन्मापासून बिघडलेली आहेत."

मला लगीच कळलं. उसाला पानी पाजताना मी सोता दारं धरते, सरीच्या तोंडची माती उघडते नि मिटते. दारं फुटल्यावर सरीची काय दशा हुती, ते मला कुनी सांगाय नको.

"फिटच्या काही गोळ्या हिला उलट्या पडतील. मला विचारल्याशिवाय एकही द्यायची नाही." बाईंनी दोनदा बजावलं. मी व्हय व्हय म्हनलं.

आमचे मालक, शिवतेज, मदुरैला सोनं गाळायच्या दुकानात. आमच्या विट्याकडची लय मानसं तिकडं. कुनी गावाकडं निघालं की त्याच्याजवळ पिशवी द्यायची, ही रीतच हाय. बेंदराच्या सणाला मदुरैहून गावचे आकारामभावजी आले, तर पिशवीत गोळ्यांचं पाकीट. शेजारच्या दुकानदाराच्या पोराच्या फिटा ह्याच गोळ्यांनी कायमच्या थांबल्यात म्हनं. फोनवर हे नुसते हरखले हुते. "आता पोरगी बरी हुती बघ!"

बाईंना एक फोन करायला काय धाड भरली हुती मला? पन बाई नको म्हनल्या असत्या. आन् मला नको ऐकायचं नव्हतं. मी थकले हुते वो! गोळी मधात उगाळून दिली. दोन दिस दिली.

तिसऱ्या दिशी फिट आली ती थांबंचना. सांगलीला नेऊस्तवर पोरगी काळीनिळी पडली. बाईंनी पाकीट बघितलं आन् कपाळाला हात लावला.

आज अकरावा दिस. फिटा थांबल्यात. संयूचे डोळे उघडे हायत, पन मी हाका मारून मरते तरी ती माज्याकडं वळत न्हाई. "गेलं ते परत येईल असं मी सांगू शकत नाही," बाई म्हनल्या.

हे मदुरैहून आले. दवाखान्याच्या पायरीवर बसून लहान पोरागत रडाय लागले. "रेश्मे, मीच घात केला गं! मला काय ठावं, तिला त्या गोळ्या चालत न्हाईत? आन् तुला तरी बिचारीला कुठं ठावं हुतं!"

मला म्हनायचं हुतं, आवं, मला ठावं हुतं. मला दोनदा सांगितलं हुतं.

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आन् म्हनलं, "रडू नगा."