सव्वा तासाचं विमान आणि हिरव्या कळ्या

शंकरकाकाने मोबाइल असा काही उंचावला, जणू विमान त्यानेच बांधलं होतं.

"नाशिक ते नागपूर साडेपाचशे किलोमीटर. सव्वा तास! सव्वा तासात आपला चाफा नागपूरच्या मांडवात. वहिनी, उद्याची सगळी फुलं मला द्या."

वसईकडच्या नंदाखाल गावातल्या त्या वाडीत सोनचाफ्याची साठ झाडं. चाळीस काकाची, वीस रुचिताच्या आईची. नाशिकचा एक सजावटवाला आपल्या गुलाबांबरोबर चाफाही विमानाने नेणार होता आणि काका त्याला शब्द देऊन बसला होता. आईची फुलं मात्र रोज दादरच्या फुलबाजारातल्या एकाच गाळ्यावर जात. एक दिवस खाडा झाला की तिची जागा घ्यायला दुसऱ्या टपलेल्याच.

"काका, विमान काय आपल्या विहिरीपाशी येणारे?" दहावीत गेलेली रुचिता ओटीवरूनच म्हणाली.

"आली मोठी पायलट!"

"सव्वा तास विमानतळ ते विमानतळ. इथून नाशिकच्या ओझर विमानतळावर जायला टेम्पो पाच तास तरी खाणार. विमान दहाचं, माल आठला द्यायचा. म्हणजे पहाटे तीनला निघायचं. चाफा तर आपण पाचला खुडतो. मग?"

"मग आज संध्याकाळीच खुडायचा. हिरव्या कळ्या. विमानात उमलतील."

आईच्या हातातलं फुलं बांधायचं केळीचं पान तसंच राहिलं. हिरवी कळी खुडली की ती उमलत नाही, हे वाडीतलं शेंबडं पोरही सांगेल. काकालाही ठाऊक होतं. पण शब्द दिल्यापासून त्याला झाडापेक्षा विमानाचा भरवसा जास्त.

"वहिनी, पोरीला आवरा. बाप्यांच्या बोलण्यात तोंड घालते!"

"पप्पा वापीला असतात म्हणून तुम्ही आईवर ओरडता."

"रुचिता!" आईने दटावलं. मग पान खाली ठेवून शांतपणे म्हणाली, "भावोजी, माझी झाडं सोडून खुडा."

"एकट्या पडाल."

"पडेन."

काकाने संध्याकाळी आपली चाळीसच्या चाळीस झाडं ओरबाडली. दुसऱ्या दिवशी दुपारी सजावटवाल्याचा फोन आला. काकाने ऐटीत स्पीकरवर टाकला, अख्ख्या वाडीला ऐकू जावं म्हणून.

"शंकरशेठ, मांडवात भेंड्या टांगू का?"

रुचिता हसली. खळखळून, अगदी नको तेव्हा.

"तुझीच नजर लागली मालाला," काका दातओठ खात म्हणाला. तडक गेला आणि सामाईक विहिरीच्या मोटारीच्या खोलीला त्याने कुलूप ठोकलं. "आता तुमच्या झाडांना तुम्हीच पाणी आणा."

मे महिना. दोन दिवसांत आईच्या झाडांची पानं मलूल झाली, कळ्या देठापाशी पिवळ्या पडू लागल्या.

"जा, माफी माग," आई म्हणाली. "झाडं जातील गो."

"कशाची माफी? बरोबर बोलल्याची?"

रुचिताने रहाटाला दोर लावला. झाडाला चार कळश्या. पाचव्या झाडापर्यंत तळहात सोलवटले, आठव्याला आईने पदर खोचला आणि दोर हातात घेतला.

काका ओटीवर बसून बघत होता. वाडीच्या कडेने चांगली वाट होती. रुचिताने मात्र उरलेली प्रत्येक कळशी मुद्दाम त्याच्या अंगणातून नेली, मान ताठ ठेवून, पाणी हिंदकळवत.