ढिल्या तारांचं विमान

मित्रांनो, वाचनालयाचा जिना चढताना जरा मान वर करा. छताला टांगलेला, एकावर एक अशा दोन पंखांचा, विमानाचा जुना लाकडी नमुना दिसतो ना? तो मी. उडणं माझ्या नशिबी कधी आलं नाही. पडलो मात्र एकदा, आणि ते पडणं माझ्यापेक्षा दोन माणसांना जास्त लागलं.

माझा जन्म सुतारकामाच्या एका दुकानाच्या मागच्या खोलीत झाला. मला चौघांनी मिळून घडवलं. दुकानाचे मालक मिस्त्री, त्यांचे बालमित्र दातांचे डॉक्टर, शिवणकाम करणाऱ्या मावशी आणि दुकानांच्या पाट्या रंगवणारे रंगारीबुवा. जुन्या काळच्या दुपंखी विमानांचा ताफा हुबेहूब, पण छोट्या आकारात बनवायचा आणि वाचनालयाला द्यायचा, या एकाच वेडाने चौघांना झपाटलं होतं.

रविवारी सकाळी सगळे जमत. मिस्त्री काडीएवढ्या बारीक पट्ट्या तासून माझ्या पंखांचा सांगाडा जुळवत. मावशी त्यावर तलम कापड ताणून बसवत. बुवांना एक पट्टा रंगवायला दोन रविवार लागत.

"बुवा, खरं विमानसुद्धा याहून लवकर तयार होत असेल," मावशी म्हणत.

"होत असेल. म्हणून तर पडतं!" बुवा ब्रश न थांबवता सांगत.

माझे वरचे आणि खालचे पंख बारीक तारांनी एकमेकांना बांधायचे होते. ते काम डॉक्टरांचं. डोळ्याला भिंग, हातात चिमटा आणि श्वास रोखलेला. मिस्त्री त्यांना हसत, "लेका, श्वास घे, नाहीतर विमानाआधी तूच वर जाशील!" पण तार बसली की तेच बोटाने हळूच छेडून बघत आणि म्हणत, "वा! काय हात आहे तुझा!"

ताफा तयार झाला. वाचनालयातल्या प्रदर्शनाच्या दिवशी डॉक्टर हट्टाने म्हणाले, "याला मी नेणार." दुकानाच्या उंबऱ्यात त्यांचा पाय अडखळला. मी फरशीवर आपटलो, वरचा पंख मधोमध मोडला, तारा तटातट तुटल्या. डॉक्टरांचा गुडघा फुटला होता, पण तिकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. मिस्त्रींचा पारा चढला.

"दात उपटण्यापलीकडे काय येतं रे तुला? सगळ्यांच्या कष्टांवर पाणी फिरवलंस!"

 डॉक्टरांनी माझे तुकडे एकेक करून गोळा केले, टेबलावर ठेवले आणि लंगडत निघून गेले.

माझी भावंडं वाचनालयात गेली, त्यांचं फार कौतुक झालं. मी फळीवरच्या खोक्यात पडून राहिलो. मावशींनी मिस्त्रींना परोपरीने समजावलं, "अहो, दोन गल्ल्यांवर तर घर आहे. जाऊन या ना." मिस्त्री रंधा मारत राहिले. "मी का जाऊ? यायचं तर तो येईल." हळूहळू रविवारही बंद पडले. भुशाचे थर माझ्यावर चढत गेले, आणि वर्षांमागून वर्षं गेली.

मग एका दुपारी डॉक्टरांच्या पत्नी दुकानात आल्या. "भाऊजी, भिंतीला धरायला लाकडी दांडा बसवून हवाय. यांची उजवी बाजू गेली. बोलणंही उमटत नाही नीट."

मिस्त्रींच्या हातातला रंधा थांबला.

"एक सांगू?" त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं रविवारी सकाळी हे इस्त्रीचे कपडे घालून बसायचे. म्हणायचे, मिस्त्रीचा काय नेम! हाक मारली तर उशीर नको व्हायला."

 मिस्त्रींनी तो दांडा स्वतः घासला, आरशासारखा गुळगुळीत केला. मला खोक्यातून काढून माझा पंख सांधला, आणि दांड्याबरोबर मलाही घेऊन गेले.

"माझी जीभ सुटली रे त्या दिवशी," खाटेशी बसून ते म्हणाले. डॉक्टर त्यांच्याकडे बघत राहिले. ओठ खूप धडपडले, आणि एकच शब्द बाहेर आला, "चिमटा."

त्या दिवसापासून मिस्त्री रोज जाऊ लागले. डॉक्टर डाव्या हातात चिमटा धरत, मिस्त्री तार ओवत. डावा हात थरथरायचा. तारा ढिल्या पडायच्या, गाठी वाकड्या यायच्या. तरी दोघं मान डोलवत. माझ्या एका बाजूच्या तारा पुऱ्या झाल्या, आणि डॉक्टर गेले.

दुसरी बाजू मिस्त्रींनी कुणालाच बांधू दिली नाही. मला इथे टांगताना बुवांनी विचारलं, "या ढिल्या तारा तरी जरा कसून घेऊ का?"

 मिस्त्रींनी नुसती नकारार्थी मान हलवली. बुवा शिडीवरून खाली उतरले.

मित्रांनो, धूळ झटकायला फडकं घ्याल तेव्हा माझ्या या तारांना जपा. माझं लाकूड डिंकाने सांधलं गेलं, पण मधली वर्षं सांधेल असा डिंक मिस्त्रींना मिळाला नाही. तुमचंही कुणी रुसून गेलं असेल तर आजच त्याच्या घरी जा. चूक कुणाची, ते तिथे पोचल्यावर ठरवा.