छोटा डबा, मोठा पंखा

आमच्या साडूभाऊंचं एक मत होतं, की छोट्या डब्यात दम नाही. गेले आठ महिने रोज सकाळी चहाबरोबर ते हे मत आम्हाला वाढत होते, आणि आम्ही मुकाट गिळत होतो.

डबा म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र. बाजारात असे दोन, एक मोठा आणि एक छोटा. त्यांच्या कंपन्या वेगळ्या. आम्ही तिसरेच, लोकांच्या डब्यांवर चालतील असे गेम करणारे. ऑफिस सोळा माणसांचं. मालक साडूभाऊ, म्हणजे माझ्या मेहुणीचा नवरा. मी टेस्टर. दुसऱ्याने केलेलं मोडून दाखवायचं, एवढंच माझं काम. लहानपणी यासाठी मार खायचो, आता पगार घेतो.

आमचा नवा गेम दीपगृहाच्या रखवालदाराचा. समुद्र, वादळ आणि पाण्यात थरथरणारं दीपगृहाचं प्रतिबिंब. मोठ्या डब्यावर तो येणार हे ठरलेलंच होतं. छोट्यावरही यावा म्हणून एकटी चिमटा खपत होती. चिमटा आमची प्रोग्रामर. गेममधला नको तो एकेक कण वेचून काढते, म्हणून हे नाव मी ठेवलं. तिने ते आपल्या कपावर लिहून घेतलं.

छोट्या डब्याला प्रतिबिंबाचं गणित झेपेना. तर या बाईने काय करावं? पाण्याखाली दुसरं दीपगृह बांधलं, उलटं, आणि वर पातळ लाटा सोडल्या. बघणाऱ्याला वाटतं प्रतिबिंब. मी जन्मभर लोकांना टोप्या घातल्या, पण त्यासाठी अख्खा समुद्र वापरणारी ही पहिलीच.

छोट्यावर गेम काढणार की नाही, हे त्या कंपनीला मंगळवारी चारपर्यंत कळवायचं होतं. दोनला मीटिंग बसली. साडूभाऊंनी दोन्ही डब्यांच्या ताकदीचा तक्ता छापून आणला होता.

"आकडे बघा. हा डबा त्याच्या निम्माही नाही. निम्म्यात काय गेम मावणार?"

"मावलाय, सर," चिमटा म्हणाली. "एकदा खेळून तर बघा."

"खेळून काय बघायचंय? आकडे समोर आहेत."

"आठ महिन्यांत एकदाही हातात घेतला नाहीत तुम्ही."

"विष आहे की नाही ते पिऊन बघतात का? तीन वाजता नाही म्हणून कळवतो. विषय संपला."

चिमटाने लॅपटॉप मिटला. बाहेर जिन्यात मला म्हणाली, "काका, दुसरीकडून बोलावणं आलंय. हे काम कचऱ्यात गेलं तर मी जाते. रागावून नाही. कंटाळून."

मला तिचं जाणं परवडणारं नव्हतं. तिच्याइतकं मोडून बघण्याजोगं काम इथे दुसरं कुणी करत नाही. मी उलट्या पावली टेस्टिंगच्या खोलीत गेलो, पाच मिनिटं टीव्हीमागे डोकं घालून बसलो आणि मग साडूभाऊंना गाठलं.

"जाऊ द्या तो छोटा. मोठ्यावरचं काम कुठवर आलंय ते तरी बघा. मालक आहात."

हे त्यांना पटलं. मालक म्हटलं की त्यांना सगळंच पटतं.

टेबलावर मोठा डबा दिमाखात बसला होता. निळा दिवा लागलेला, पंखा घोंघावतोय, वर हात धरला तर चटका बसेल. आमच्याकडे दोन्ही डब्यांना चालणारा एकच साधा कंट्रोलर असतो, तो मी त्यांच्या हातात दिला. चिमटा दारात येऊन उभी राहिली.

साडूभाऊ वीस मिनिटं खेळले. वादळ आलं, होडी बुडता बुडता वाचली, पाण्यात दीपगृह थरथरलं.

"ऐका," ते म्हणाले, "पंखा ऐका. याला म्हणतात ताकद. आणि हे पाणी बघा. छोट्याच्या सात पिढ्यांना जमायचं नाही."

चिमटाने पाण्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग छताकडे. आपलं पाणी तिने ओळखलं होतं.

"समजा, छोट्यावर अस्सं दिसलं तर?" मी विचारलं.

"डोळे मिटून सही करतो. पण दिसणार नाही, साडूभाऊ. कशाला वेळ घालवता?"

"मग टीव्हीची केबल कुठे जाते तेवढी बघा."

त्यांनी केबल बोटांत धरली आणि तिच्यामागून निघाले. टेबलाच्या कडेवरून, पायाजवळून, थेट माझ्या ड्रॉवरपर्यंत. ड्रॉवर उघडला. आत बिस्किटांच्या पुड्याशेजारी छोटा डबा गुपचूप काम करत होता.

टेबलावर पंखा घोंघावतच होता.

"मग हा कशाला एवढा तापलाय?" त्यांनी मोठ्याकडे बोट दाखवलं.

"मेनू दाखवतोय. गेम सुरूच केलेला नाही. तेच चित्र सेकंदाला हजारदा काढत बसतो, वेगाला कुणी लगाम घातला नाही, म्हणून नुसत्या मेनूवर पेटतो. तीन महिन्यांपूर्वी मी तक्रार लिहिली होती. तुम्ही शेरा मारलात, किरकोळ."

साडूभाऊंनी ड्रॉवर अर्धा ढकलला. मग चिमटाला म्हणाले, "पाण्याला काय केलंय तुम्ही?"

"उलटं दीपगृह, सर."

"हं."

पावणेचारला होकार गेला. सही मी समोर उभं राहून करून घेतली.

वाटलं, सुटलो. पाच मिनिटांत साडूभाऊ परत. "आता खरंच मोठ्यावरचं दाखवा." मी केबल बदलली. वादळात दीपगृहाच्या प्रतिबिंबाचे तुकडे तुकडे झाले.

"हे तर त्याच्यापेक्षा वाईट आहे."

"आकडे मात्र झकास आहेत," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाबरोबर नवं मत आलं. मोठ्या डब्याची मुळात रचनाच चुकली आहे, त्यात दम नाही, आणि हे आपण पहिल्यापासून सांगत होतो. मोठ्यावरचं पाणीही आता चिमटानेच दुरुस्त करायचं, असा हुकूम सुटला.

ती आपला कप घेऊन माझ्या टेबलाशी आली.

"म्हणजे तिथेही उलटं दीपगृह बांधू?"

"बांध," मी म्हणालो. "पण मेनूला एवढ्यात हात लावू नकोस. पुढच्या डब्याच्या वेळी लागेल."