आजोबा भांडले नाहीत त्या दिवशी

"मी मेहनती आणि प्रामाणिक आहे," अर्जाच्या पत्रात एवढं लिहिलं आणि ताईंचं घोडं पेंड खाऊ लागलं.

लेक मागून डोकावली. "आई, हे तर सगळेच लिहितात. मी आळशी आणि लबाड आहे, असं कोण लिहिणार? एखादा प्रसंग घाल. तू होतीस म्हणून कुणी वाचलं, असं काहीतरी."

मुलांच्या दवाखान्यात नर्सची एकच जागा निघाली होती. दिवसपाळी, आणि घरापासून चालत जाता येईल इतकं जवळ. रात्रपाळ्या करकरून ताईंच्या पायांच्या शिरा दोरखंडासारख्या फुगल्या होत्या. ही जागा त्यांना हवीच होती.

प्रसंग तर तयारच होता. वॉर्डातले ते भांडकुदळ आजोबा. पोटाचं ऑपरेशन झाल्यापासून चहा गार, उशी कडक, पंखा हळू, जो दिसेल त्याच्यावर तोंडसुख घ्यायचे. एका दुपारी मात्र गप्प पडून होते. "मी तातडीने रक्तदाब तपासला आणि डॉक्टरांना बोलावले. पोटात रक्तस्राव होत होता. रुग्ण वाचला." ताईंनी झरझर लिहून टाकलं.

"हे वाचून कोण नाही म्हणेल?" लेक खूश.

ताई मात्र 'उद्या पाठवू' म्हणून उठल्या.

दुसऱ्या दिवशी कपडे बदलायच्या खोलीत वॉर्डातली धाकटी नर्स घुटमळत उभी राहिली. आवाज बारीक, म्हणून सगळे तिला चिमणीच म्हणत.

"ताई, रागावू नका हं. मीपण अर्ज करतेय, त्याच जागेला. मिळायची नाही, पण घरच्यांनी भुणभुण लावलीय. एवढं बघता?"

ताईंनी तिचा फोन हातात घेतला. "मी मेहनती आणि प्रामाणिक आहे." त्यांना हसू फुटलं आणि तिथेच विरलं.

"अगं, एखादा प्रसंग घाल की."

"मी कुठं काय केलंय, ताई? सांगितलेलं काम करते."

'ताई, आजोबा आज भांडले नाहीत,' असं त्या दुपारी चिमणीच म्हणाली होती. 'बरं झालं, कानांना सुट्टी,' असं म्हणून ताई हसल्या होत्या. तरी चिमणीने जाऊन रक्तदाबाचा पट्टा बांधलाच, आणि रक्तदाब घसरलेला निघाला. पण पाळी बदलताना सगळ्या रुग्णांची माहिती थोरलीने द्यायची, ही वॉर्डाची रीत. ताईंनी ती डॉक्टरांसमोर दिली आणि शाबासकीही त्यांच्याच पदरात पडली. 'माझं कामच आहे, डॉक्टर,' असंही वर म्हणून झालं. चिमणी तेव्हा शेजारच्याच खाटेची चादर ताणत होती.

"लिही," ताई फोन परत देत म्हणाल्या. "रोज भांडणारे आजोबा त्या दिवशी गप्प होते…"

चिमणीचा अंगठा थांबला. "पण ते तर तुमचं…"

"माझं कसलं डोंबलाचं! मी तर हसले होते. विसरलीस?"

"नाही विसरले," चिमणी खाली बघत म्हणाली.

तिने एक थोबाडीत दिली असती तर परवडलं असतं.

संध्याकाळी लेकीने पत्र उघडलं. "आई, आजोबा कुठे गेले?"

"ज्यांचे होते त्यांच्याकडे."

"मग राहिलं काय?"

ताईंनी चष्मा नाकावर चढवला, उरलेली ओळ वाचली आणि 'आणि प्रामाणिक' एवढे दोन शब्द काढून टाकले.

"अगं, ते कशाला काढलंस?"

"ते उद्या डॉक्टरांशी बोलून झाल्यावर बघू. तू पाठव."